वायफायला पासवर्ड आहे, पण 'शेअर' फोल्डरला? गावच्या कागदपत्रांचं कुंपण आतूनच उघडं

नाशिक : उत्पन्नाचा दाखला असो, पीकविमा असो की कर्जाची फाईल, गावातला माणूस हल्ली कागद घेऊन जात नाही, मोबाईल घेऊन जातो. सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात पोचला की आधार, पॅन, सातबारा, पासबुकचं पहिलं पान असे चार-पाच फोटो तिथल्या नंबरवर व्हॉट्सॲप करतो. ते फोटो दुकानातल्या संगणकावर उतरतात. प्रिंटर असतो दुसऱ्या संगणकाला, म्हणून दोन्हीकडून उघडेल असं एक सामायिक फोल्डर केलेलं असतं. त्याचं नाव बहुतेक वेळा 'शेअर', 'न्यू फोल्डर' किंवा 'कस्टमर'. प्रिंट निघते, पैसे दिले जातात, माणूस घरी जातो. कागद मात्र त्या फोल्डरमध्येच राहतो. महिना, वर्ष, कधी कधी संगणक मोडेपर्यंत.

ते फोल्डर कुणाकुणाला दिसतं, हे कुणीच विचारत नाही. दुकानदार म्हणतो, "वायफायला पासवर्ड आहे की." राउटर बसवणारा म्हणतो, "आत फायरवॉल असतं, काळजी नको." दोघंही खोटं बोलत नाहीत. पण दोघांचं म्हणणं अर्धंच आहे. उरलेलं अर्धं काय, हे कळायला २०१७ सालात जावं लागतं, आणि तेही नाशिकच्या कांदा-द्राक्षाच्या वाटेवरच.

न्हावाशेवाचं गेट बंद पडलं तो दिवस

निफाड, दिंडोरी, चांदवडचा माल परदेशी निघाला की तो बहुतेक करून उरण तालुक्यातल्या न्हावाशेवा बंदरातून, म्हणजे पूर्वीच्या जेएनपीटीतून जातो. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातल्या कंपन्यांचे संगणक पुसायला सुरुवात केली. त्यात डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी सापडली. जेएनपीटीतलं एक टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, याच समूहाचं. वर्षाला सुमारे १८ लाख कंटेनर एककं हाताळण्याची त्याची क्षमता. तिथले संगणक बंद पडले. कोणता कंटेनर कुणाचा, कुठं ठेवलाय, कोणत्या जहाजात चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेली. काम हातानं करायची वेळ आली, आणि मालाला दुसऱ्या टर्मिनलांचा आधार घ्यावा लागला.

विशेष म्हणजे हल्ला भारतावर नव्हताच. तो सुरू झाला युक्रेनमध्ये, तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्कच्या तिथल्या कार्यालयातून तो आत शिरला आणि कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. मोठ्या कंपनीकडे महागडं फायरवॉल नव्हतं असं नाही. पण आत एक संगणक दुसऱ्या संगणकावर पूर्ण विश्वास ठेवत होता. पसरण्यासाठी त्यानं दोन वाटा वापरल्या. एक, विंडोजच्या फाईल शेअरिंगमधलं जुनं भोक. दुसरी, एका संगणकावर सापडलेले पासवर्ड पुढच्या संगणकावर वापरणं.

म्हणजे बाहेरचं दार मजबूत होतं. आतल्या खोल्यांना कड्याच नव्हत्या.

पंचायतीसुद्धा सुटल्या नव्हत्या

"हे मोठ्या कंपन्यांचं झालं, आपल्या गावात काय येतंय" असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी त्याच वर्षीची, सहा आठवडे आधीची गोष्ट पाहावी लागते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस सुटला. फाईली कुलूपबंद करायच्या आणि सोडवायला ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागायचे, असा त्याचा धंदा. दीडशेहून जास्त देशांत दोन लाखांवर संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक, पश्चिम बंगालमध्ये वीज वितरण कंपनीची काही कार्यालयं, आणि केरळात चक्क ग्रामपंचायती. वायनाड आणि पथनमथिट्टा जिल्ह्यांतल्या पंचायत कार्यालयांच्या संगणकांवर खंडणीची पाटी झळकली.

त्या पंचायतींवर कुणाचा राग नव्हता. व्हायरस नाव-गाव पाहत नव्हता. तो इंटरनेटवर एकेक दार ठोठावत फिरत होता. फाईल शेअरिंगचं दार उघडं दिसलं आणि संगणक जुना असला की आत.

याहून बोचणारी गोष्ट अशी, की या भोकाला बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ रोजीच दिलं होतं. वॉनाक्राय आला दोन महिन्यांनी. नॉटपेट्या साडेतीन महिन्यांनी. औषध बाटलीत होतं, फवारणी राहिली होती.

फायरवॉल काय करतं आणि काय नाही

घरी किंवा दुकानात फायबर घेतलं की कंपनी एक डबी लावून देते. तोच राउटर आणि त्याच्यातच साधं फायरवॉल. त्याचं काम मळ्यातल्या घराच्या कुंपणासारखं. बाहेरून कुणी न बोलावता आला तर फाटकाशी अडवायचं. आतल्या माणसानं एखाद्याला बोलावलं, म्हणजे मोबाईलवर एखादं पान उघडलं, तर त्याचं उत्तर तेवढं आत येऊ द्यायचं. एवढं काम ही साधी डबी खरंच नीट करते. आज घरोघरचे संगणक उघड्या इंटरनेटवर पडलेले नाहीत, ते तिच्यामुळेच.

पण तीन गोष्टी तिच्या कामातच येत नाहीत.

पहिली : कुंपणाच्या आत कोण काय करतं, हे ती साधारणपणे पाहत नाही. वायफायचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो आतला माणूस. मग तो मालक असो, गिऱ्हाईक असो, की शेजारचा पोरगा.

दुसरी : आतल्यानंच बोलावून आणलेली घाण ती ओळखत नाही. 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल, लग्नाची पत्रिका म्हणून आलेली एपीके, दंडाची पावती म्हणून आलेली एपीके. मालकानं स्वतः दाबलं की फायरवॉलच्या नजरेत ते बोलावलेलं पाहुणंच.

तिसरी : मालकानं किंवा त्याच्या मेकॅनिकनं फाटक उघडं ठेवलं, तर ती काहीच बोलत नाही. गावाकडे खरी गडबड इथंच होते.

फाटक कोण उघडतं?

प्रत्येक संगणकाला नंबर घातलेली ६५ हजारांवर दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. विंडोजच्या फाईल शेअरिंगचं दार क्रमांक ४४५. घरातल्या घरात हे दार लागतं, बाहेरून त्याची गरज नाही. तरीही ते उघडलं जातं, कारण "ऑफिसातली फाईल घरून दिसली पाहिजे" असं कुणी म्हणतं आणि मेकॅनिक राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून देतो. काम दोन मिनिटांत होतं. गिऱ्हाईक खूश. पण आता जगात कुणालाही ते दार ठोठावता येतं. अशी उघडी दारं शोधून त्यांची यादी करणारी शोदानसारखी सर्च इंजिनं २००९ पासून आहेत. म्हणजे "आपला पत्ता कुणाला ठाऊक?" हा भ्रम आहे.

काही मेकॅनिक तर एकेक दार उघडत बसत नाहीत. 'डीएमझेड' नावाचा पर्याय लावतात. म्हणजे तो संगणक सरळ कुंपणाबाहेर नेऊन बसवल्यासारखंच. 'यूपीएनपी' नावाची सोय त्याहून वेगळी. ती चालू असेल तर आतलं कुठलंही यंत्र राउटरला परस्पर सांगून दार उघडून घेऊ शकतं, मालकाला पत्ताही लागत नाही.

हे सगळ्यात जास्त होतं ते कॅमेऱ्यांमुळे. द्राक्षबाग, कांदाचाळ, गोठा, दुकान, सगळीकडे आता सीसीटीव्ही आहे आणि तो मोबाईलवर दिसला पाहिजे. त्यासाठी डीव्हीआरचं दार उघडलं जातं आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहतो. २०२५ च्या फेब्रुवारीत गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली महिलांच्या तपासणीची चित्रफीत इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही आरोपी होते. तपासात समोर आलं ते फार मोठं कसब नव्हतं. 'ॲडमिन१२३' सारखा पासवर्ड कुणी बदललाच नव्हता.

डीव्हीआर आणि दुकानाचा संगणक एकाच राउटरवर असतात, हे इथं लक्षात घ्यायला हवं. डीव्हीआर ताब्यात आला की चोर कुंपणाच्या आत आला. तिथून 'शेअर' फोल्डर चार पावलांवर.

राउटरची स्वतःची किल्लीही तशीच. २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर व्हायरसचा हल्ला झाला. फटका बसला तो ज्यांचा पासवर्ड मूळचाच, म्हणजे 'ॲडमिन' राहिला होता त्यांना. कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं. त्यानंतर इतकी वर्षं गेली. जिल्ह्यातल्या किती डब्यांचा पासवर्ड बदलला गेला, हे प्रत्येकानं आपल्याच घरी पाहावं.

यावर एक दिलासाही आहे आणि त्यात एक मेख आहे. अनेक इंटरनेट कंपन्या आता बऱ्याच ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच जुना पत्ता देतात. त्यामुळे बाहेरून थेट एका घराचं दार ठोठावणं अवघड जातं. पण त्याच जोडणीवर नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६ पत्ताही मिळतो, आणि तो प्रत्येक यंत्राला वेगळा असतो. तिथं वाचवतं ते मुख्यतः राउटरमधलं फायरवॉल. "नेट स्लो होतंय" म्हणून कुणी ते बंद केलं असेल, तर आडोसाच गेला.

पाहुण्याला पासवर्ड, म्हणजे पाहुण्याला किल्ली

यंदाचा विषय यामुळे जास्त तातडीचा झाला आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला जाहीर झालं आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्र्यंबकेश्वर तालुक्यात आणि नाशिकच्या आसपास घरच्या खोल्या भाविकांना देण्याची तयारी सुरू आहे. खोली म्हटली की पाहुणा दोन गोष्टी विचारतो, गरम पाणी आणि वायफाय.

घरमालक भिंतीवर पासवर्ड चिकटवून मोकळा होतो. पण त्याच वायफायवर त्याचा लॅपटॉप असतो, मुलाचे कागद असतात, पतसंस्थेचं किंवा दूध डेअरीचं काम घरून चालत असेल तर तेही असतं. शिवाय पाहुण्याचं मन कितीही स्वच्छ असलं, तरी त्याच्या फोनमध्ये काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. सेवा केंद्रात बसून वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला "घे, नेट वापर" म्हणणारा दुकानदारही हेच करतो.

यावर इलाज फुकट आहे. बहुतेक नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यावरून इंटरनेट चालतं, घरातले संगणक दिसत नाहीत. म्हणजे पाहुणा ओसरीवर, घरात नाही. कॅमेऱ्यांनाही याच वेगळ्या जाळ्यावर टाकता आलं तर उत्तम.

विंडोज १० चं पाणी तुटलं

दुसरं कारण तारखेचंच. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबवली. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली, त्यांना आणखी एक वर्ष मिळतं. विंडोज ७ ची मुदत तर १४ जानेवारी २०२० लाच संपली. तरी गावोगावच्या दुकानांत, संस्थांत हे संगणक चालू आहेत, कारण ते चालतात. बैल म्हातारा झाला तरी औत ओढतोय, मग विकायचा कशाला, असा हिशेब. पण वॉनाक्रायचा धडा नेमका हाच होता. अपडेट न मिळणारा संगणक आणि उघडं फाईल शेअरिंग, ही जोडी एकत्र आली की घात होतो.

यात आणखी एक गंमत होते. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या मोठ्या अपडेटमध्ये, विशेषतः प्रो आवृत्तीत, बिनपासवर्डचं शेअरिंग मुळातच अडवलं जातं. नवा संगणक आणला की जुन्या संगणकाचं फोल्डर उघडत नाही. मेकॅनिकला फोन जातो. तो ही नवी सुरक्षाच बंद करून देतो, किंवा 'एसएमबी १' ही जुनीपुराणी शेअरिंग पद्धत पुन्हा चालू करतो. वॉनाक्राय ज्या पद्धतीतल्या भोकातून शिरला, तीच ही. नवं कुलूप बसवायचं आणि किल्ली अडते म्हणून कडीच काढून टाकायची, असा हा प्रकार.

मोबाईलवरचं देणंघेणं

ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांचाही यात भाग आहे. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात शेअरइट आणि झेंडर ही गावात सगळ्यात जास्त चालणारी फाईल पाठवायची ॲप होती. तरी त्यांच्या नकला आणि इकडून तिकडून आलेल्या एपीके अजून फिरतात. त्याची गरज आता राहिलेली नाही. अँड्रॉइड फोनमध्ये 'क्विक शेअर' आधीपासूनच असतं. फक्त 'कोण पाठवू शकतं' या ठिकाणी 'सगळे' असं न ठेवता 'संपर्कातले' किंवा 'आपलीच यंत्रं' असं ठेवावं. बाजार समितीत, एसटी स्टँडवर 'सगळे' ठेवून फिरणं म्हणजे पिशवी उघडी टाकून गर्दीत जाणं.

काय तपासायचं, कसं तपासायचं

फार मोठा खर्च यात नाही. एका दुपारचं काम आहे, आणि क्रमानं केलं तर बहुतेक धोका इथंच संपतो.

१) राउटरचा पासवर्ड : वायफायचा नव्हे, राउटरच्या सेटिंगचा. डबीच्या खाली चिकटपट्टीवर छापलेला असतो तो बदलायचा. नवा पासवर्ड वहीत लिहून घरात ठेवला तरी चालेल. चोर इंटरनेटवरून वही वाचत नाही.

२) उघडी दारं : राउटरच्या पानावर 'पोर्ट फॉरवर्डिंग' आणि 'डीएमझेड' ची यादी उघडायची. ती रिकामी असायला हवी. ४४५, १३९ किंवा ३३८९ हे आकडे दिसले तर लगेच काढायचे. पहिले दोन फाईल शेअरिंगचे, तिसरा लांबून संगणक चालवायचा. 'यूपीएनपी' बंद. 'रिमोट मॅनेजमेंट' बंद. बंद केल्यावर कॅमेरा मोबाईलवर दिसेनासा झाला, तर दार पुन्हा उघडू नये. कंपनीच्या ॲपवरून तो जोडता येतो का, हे बसवणाऱ्याला विचारावं.

३) शेअरिंगला पासवर्ड : विंडोजच्या शेअरिंग सेटिंगमध्ये 'पासवर्डनं संरक्षित शेअरिंग' चालू. फोल्डर देताना 'एव्हरीवन' काढून, दुसऱ्या संगणकासाठी एक वेगळा युजर करून फक्त त्यालाच परवानगी. जिथं वाचण्यापुरतं काम आहे तिथं 'रीड' पुरे, 'फुल कंट्रोल' कशाला? आणि अख्खी सी किंवा डी ड्राइव्ह कधीच शेअर करायची नाही.

४) पब्लिक की प्रायव्हेट : विंडोज नवीन वायफाय जोडताना हा प्रश्न विचारतं. हॉटेल, स्टँड, दुसऱ्याचं घर, मोबाईल हॉटस्पॉट, सगळीकडे 'पब्लिक'. तसं केलं की संगणकाचं स्वतःचं फायरवॉल शेअरिंग झाकून ठेवतं. 'प्रायव्हेट' फक्त आपल्या खात्रीच्या जागी.

५) जुनी पद्धत बंद : विंडोजच्या फीचर यादीत 'एसएमबी १' ची खूण असेल तर काढायची. काढल्यावर जुना स्कॅनर चालत नसेल, तर पेनड्राइव्हनं काम भागवावं. एका स्कॅनरसाठी सगळं दुकान धोक्यात घालू नये.

६) बाहेरून फाईल हवीच असेल तर : दार उघडण्याऐवजी दोनच सरळ वाटा. एक, ती फाईल गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवायची आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावायची. दुसरी, राउटरमध्ये व्हीपीएन असेल तर ते. व्हीपीएन म्हणजे फक्त किल्लीवाल्याला आत घेणारा बोगदा.

७) परीक्षा : आपल्याच वायफायवर, आपल्याच फोननं. फोनच्या फाईल मॅनेजरमध्ये 'नेटवर्क स्टोरेज' किंवा 'लॅन' असा पर्याय असतो. तिथून दुकानाचा संगणक दिसतो का आणि फोल्डर बिनपासवर्ड उघडतं का, पाहायचं. उघडलं, तर आजवर वायफाय वापरलेल्या प्रत्येकालाच ते उघडं होतं.

८) रोजची झाडलोट : काम झालं की गिऱ्हाइकाचे कागद पुसायचे आणि रिसायकल बिनही रिकामी करायची. नसलेला कागद कुणी चोरू शकत नाही. आठ कलमांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक हेच.

जबाबदारी कुणाची?

आजवर असा कागद फुटला तर दोष कुणाचा, हा प्रश्न हवेतच राहायचा. आता तो कायद्यात आला आहे. व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. दुसऱ्याची माहिती ठेवणाऱ्यानं ती जपण्यासाठी वाजवी काळजी घ्यायची, काम संपलं की ठेवून द्यायची नाही, आणि फुटली तर ज्याची आहे त्याला कळवायचं, असा त्याचा गाभा. सुरक्षा न राखल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. गावच्या सेवा केंद्राला कुणी २५० कोटी मागणार नाही, हे उघड आहे. पण पतसंस्था, दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या, खासगी दवाखाने, शाळा यांच्याकडे हजारो माणसांचे कागद आहेत. "आमचा मेकॅनिक बघतो" हे उत्तर पुढं चालणार नाही.

सगळा भार दुकानदारावर टाकणंही बरोबर नाही. त्याला सरकारी पोर्टल चालवायचं शिकवलं जातं, पण आपलंच फोल्डर कसं झाकायचं याचा धडा त्याच्यापर्यंत क्वचितच पोचतो. राउटर देणाऱ्या कंपन्या डबी लावून जातात, पासवर्ड बदलून जात नाहीत. ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेटची फायबर आणण्यावर जेवढं लक्ष आहे, त्याच्या पासंगालाही ती फायबर आल्यावर आत काय सांभाळायचं यावर नाही. ग्रामसभेत रस्ता, पाणी, दिवे यांच्या जोडीला एक प्रश्न विचारायला हरकत नाही : पंचायतीच्या संगणकाचं अपडेट शेवटचं कधी झालं, आणि त्याची प्रत कुठं आहे?

नागरिकाच्या हातातही काही आहे. आधार देताना पूर्ण क्रमांक हवाच आहे का, हे विचारावं. आधारच्या संकेतस्थळावरून शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत मोफत निघते आणि बऱ्याच कामांना ती चालते. प्रिंट निघाल्यावर "दादा, माझे फोटो पुसा" एवढं म्हणावं. त्यात भिडेचं काही नाही. संगणकात व्हायरस असल्याचा संशय असेल, तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानं २०१७ पासून मोफत सफाईची साधनं दिली आहेत. पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. पहिले काही तास गेले की रक्कम अडवणं अवघड होतं.

वीज गेली म्हणून वाचलं

शेवटी पुन्हा मर्स्ककडे. कंपनीनं नंतर जाहीरपणे सांगितलं, की दहा दिवसांत त्यांना ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलर. पण खरी अडचण वेगळीच होती. कंपनीतल्या माणसांची, त्यांच्या पासवर्डची आणि परवानग्यांची मूळ नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. मात्र ते सगळे सतत एकमेकांना जोडलेले, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. ती नोंद नसेल तर बाकी काही उभं राहणार नव्हतं.

एक प्रत सापडली, आफ्रिकेतल्या घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथं वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर जाळ्यातून सुटलेला होता आणि वाचला. तिथलं इंटरनेट इतकं मंद, की ती नोंद पाठवता येईना. मग एका कर्मचाऱ्यानं ती हार्डडिस्क घेऊन विमानानं नायजेरिया गाठलं आणि तिथून दुसरा कर्मचारी ती घेऊन लंडनला गेला. जगातली सगळ्यात मोठी जहाज कंपनी पुन्हा उभी राहिली ती लोडशेडिंगनं वाचवलेल्या एका डिस्कवर.

नाशिकच्या गावांत वीज जाण्याचं अप्रूप कुणाला नाही. मात्र प्रत वाचायला वीज जायची वाट पाहण्याची गरज नाही. एक बाहेरची हार्डडिस्क घ्यायची, आठवड्यातून एकदा जोडून महत्त्वाच्या फाईली उतरवायच्या, आणि काम झालं की वायर काढून कपाटात ठेवायची. सतत जोडलेली डिस्क ही प्रत नसते. व्हायरसला ती दुसरी खोलीच वाटते. वायर काढलेली डिस्क मात्र कुठल्याच दारातून दिसत नाही.

कुंपण आहे, ते राहू द्यावं. आतल्या खोलीला कडी लावायची आणि बियाण्याची एक पिशवी वेगळ्या घरात ठेवायची, एवढंच बाकी आहे.